मुख्य प्रशिक्षक झालात? आधी शिट्टी दुसऱ्याच्या हाती द्या

खो-खोचा साहाय्यक प्रशिक्षक मुख्य झाला की पहिल्या महिन्यात बहुधा जुनंच काम दुप्पट जोरात करतो. खांबाजवळ एकाचा पाय घसरला की धावत जाऊन त्याला वळण शिकवत बसतो, आणि पाटीवरचे (मधल्या चौकोनांतले) आठ जण कसे बसलेत ते कोणीच पाहत नाही.

म्हणून शिट्टी आणि स्टॉपवॉच नव्या साहाय्यकाला द्या. त्याची चूक मुलांसमोर सुधारू नका, सराव संपल्यावर सांगा. तुम्ही वही घेऊन बाहेर उभे राहा. 9 मिनिटांच्या प्रत्येक पाळीत लिहा: पळणाऱ्या तिघांची कोणती तुकडी किती टिकली, गडी खांबाजवळ बाद झाला की मधल्या पाट्यांत, फाऊल कोणाचे.

निवड याच वहीतून होते. 12 जणांतले 9 खेळणार, 3 बाहेर. कालपर्यंत तुम्ही मुलांचे ‘दादा’ होतात, ‘सरांनी ठरवलं’ म्हणून सुटता येत होतं. ती सोय गेली. यादी आदल्या संध्याकाळी लावा, पण त्याआधी तिघांना एकेकट्याला बोलावून वही उघडून कारण दाखवा. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणू नका. मुलं ते वचनच धरतात. पालकांचा फोन येईलच, तो मुलाशी बोलून झाल्यावर घ्या.

पळतीचा, म्हणजे कोण कधी पळणार याचा, क्रम पाळीआधी गुणलेखकाकडे नोंदवायचा असतो. तिन्ही हुकमी गडी पहिल्या तुकडीत घालायचा मोह होतो. ते लवकर बाद झाले तर उरलेले सहा घाबरून पळतात. प्रत्येक तुकडीत एक टिकणारा ठेवा. तिसरा गडी बाद झाल्यावर दोन खो पडायच्या आत पुढचे तिघे मैदानात हवेत, नाहीतर न आलेला बादच. त्यांना आत सोडायला साहाय्यकाला उभं करा. मधल्या 5 मिनिटांत तुमच्या सूचना दोनच.

वर्षाची आखणीही आता तुमचीच, आणि इथे बडोद्यात ती सणांना धरूनच करावी लागते. नवरात्रात गरब्याला बंदी घालू नका (हराल). त्या नऊ दिवसांत पोटऱ्या थकलेल्या असतात, झटक्यात वळताना घोटा मुरगळतो. सूर मारण्याचा आणि खांबाचा सराव बंद ठेवून 45 मिनिटं फक्त बैठक, उठणं आणि नेमका खो देणं घ्या. बोर्डाच्या परीक्षेसाठी दहावी-बारावीच्या मुलांना फेब्रुवारीपासून आठवड्यात दोनच दिवस बोलवा. उत्तरायणानंतर (संक्रांतीच्या पतंगांनंतर), 16 जानेवारीला, सरावाआधी सगळ्यांचे हात तपासा: मांजाने कापलेलं बोट खांब धरताना पुन्हा उघडतं.