जुन्या शेव्हीला कुठला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घ्यायचा? आधी टेप काढा, मग पाकीट

माझी शेवरोले मालिबू १९६६ची आहे, २८३ क्युबिक इंचांचं व्ही८ इंजिन आणि त्याच्या मागे दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हा बॉक्स शेवरोलेने १९५०मध्ये आणला आणि १९७३पर्यंत चालवला, म्हणजे बॉक्स वाईट मुळीच नाही, पण सिग्नलवरून निघताना गाडी बसलेल्या म्हशीसारखी उठते आणि अमेरिकेतल्या न्यू जर्सी टर्नपाइक हायवेवर ताशी ६५ मैलांच्या स्पीडला इंजिन असं बोंबलतं की शेजारच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं. बायकोने दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाली मी ट्रेनने येते. तेव्हा ठरलं, बॉक्स बदलायचा.

पहिलं काम म्हणजे मागच्या एक्सलचा रेशो काढणं, म्हणजे चाकं एकदा फिरायला ड्राइव्हशाफ्ट (बॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा फिरणारा दांडा) किती फेरे घेतो ते. बॉक्सचं नाव नंतर. पुढच्या चाकांना मागून-पुढून ओंडके लावा, गिअर न्यूट्रलला, मागचं एकच चाक जॅकवर उचला, स्टँड लावा. टायरवर आणि ड्राइव्हशाफ्टवर खडूने एकेक रेघ मारा. साधं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) असेल तर दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं, म्हणून उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि खाली झोपलेल्या माणसाने शाफ्टचे फेरे मोजायचे. माझ्याकडे तीन पूर्ण आणि वर एक तृतीयांशच्या जरा पुढे आले, म्हणजे ३.३६.

आता गणित, फार अवघड नाही. ताशी मैलांचा वेग गुणिले ३३६ गुणिले एक्सलचा रेशो, भागिले टायरची उंची इंचात, आलं इंजिनचं आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे. ६५ मैल, ३.३६ आणि २६ इंची टायर धरले तर जवळपास २८०० येतात. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनचे फेरे कमी करणारा चौथा गिअर) लावला की तेच २०००च्या आत. आता हेच २.७३च्या एक्सलवर करून बघा, ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन १६००वर येतं आणि जुनं कार्ब्युरेटरवालं इंजिन तिथे धापा टाकायला लागतं. अशा गाडीला चौथ्या गिअरसाठी पैसे घालण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बॉक्सकडे वळायचं. टर्बो ३५० हा तीन गिअरचा बॉक्स, पहिल्याचा रेशो २.५२, पॉवरग्लाइडच्या १.७६ पेक्षा कितीतरी बरा, कारण हा आकडा मोठा तितकी गाडी जोरात सुटते. सहा इंची शेपटीवाला (शेपटी म्हणजे बॉक्सचं मागचं निमुळतं टोक) मिळाला तर लांबी आणि माउंट, म्हणजे बॉक्स खाली टेकतो ती जागा, दोन्ही पॉवरग्लाइडशी जुळतात, ड्राइव्हशाफ्ट कापायला नको. पण याच बॉक्सला नऊ आणि बारा इंची शेपट्याही येतात, त्यामुळे विकणाऱ्याकडून शेपटीचा फोटो मागवाच. गाडी फक्त रविवारी गावात फिरवणार असाल तर इथेच थांबा, स्वस्तात काम होतं. टर्बो ४०० दणकट आहे पण जड, आणि त्याचा मागचा योकही (ड्राइव्हशाफ्ट बॉक्सला जोडणारा तुकडा) वेगळा लागतो, साध्या २८३ला कशाला हवाय.

हायवेवर जाणार असाल तर भांडण दोन ओव्हरड्राइव्हवाल्या बॉक्सांतच, ७०० आर ४ की २०० ४ आर. पहिल्याचा फर्स्ट गिअर ३.०६, त्यामुळे गाडी उडी मारून सुटते, पण सेकंड एकदम १.६३, मधे मोठा खड्डा पडतो. २०० ४ आरचा फर्स्ट २.७४, सेकंड १.५७, टॉप ०.६७, चालायला गुळगुळीत. ७०० आर ४ साधारण तीन इंच लांब, म्हणजे शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्या, बॉक्सला खालून धरणारा आडवा क्रॉस मेंबरही दोनेक इंच मागे न्या. २०० ४ आरला शाफ्ट जुनाच चालतो, पण माउंट साडेसहा इंच मागे जातो. मी ७०० आर ४ घेतला, कारण तो जवळ मिळाला. परत घ्यायचा तर २०० ४ आर घेईन.

जुना बॉक्स विकत घेताना खालच्या तेलाच्या पॅनचे बोल्ट मोजा. ओव्हरड्राइव्हवाल्या दोघांना १६, टर्बो ३५० आणि ४००ला १३, पॉवरग्लाइडला १४. लोक खुशाल काहीही नाव सांगून विकतात. ७०० आर ४ असेल तर १९८७ नंतरचा बघा, सुरुवातीचे कच्चे होते. ४ एल ६० ई पण स्वस्त दिसेल, पण तो इलेक्ट्रॉनिक, त्याला वेगळा कंट्रोलर लागतो, तो खर्च धरूनच भाव करा. आणि बेलहाउसिंग, म्हणजे इंजिनला जोडणारं बॉक्सचं पुढचं तोंड, जुळतं का ते बघा, ब्यूक, ओल्ड्समोबिल, पॉन्टियाकचे बोल्ट शेव्हीपेक्षा वेगळे असतात.

आता जिथे मी माती खाल्ली ते सांगतो. या दोन्ही ओव्हरड्राइव्ह बॉक्सना कार्ब्युरेटरपासून एक केबल येते, टीव्ही केबल (टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह). ती जुन्या किकडाउन केबलसारखी नुसती गिअर पाडायला नसते, आतलं तेलाचं प्रेशर तीच ठरवते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की केबल पूर्ण ओढली गेली पाहिजे. मी ती अंदाजाने लावली, जरा सैल राहिली, शिफ्ट अगदी लोण्यासारखे होत होते म्हणून मी खूश, आणि तीन आठवड्यांत तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळून तेल कॉफीसारखं काळं झालं. बॉक्स परत खोलावा लागला. त्यामुळे बॉक्सबरोबरच आपल्या कार्ब्युरेटरसाठीचा योग्य ब्रॅकेट घ्या, आणि पहिल्या दिवशी प्रेशर गेज लावून बघा. लॉकअप कन्व्हर्टरची (इंजिन आणि बॉक्स यांना तेलाने जोडणारा आणि हायवेवर घट्ट लॉक होणारा डबा) वायरिंग आणि बाहेरचा कूलरही बजेटमध्ये धरा, आणि जुना बॉक्स जळून गेला असेल तर कूलरच्या नळ्या धुतल्याशिवाय नव्या बॉक्सला जोडू नका.

बसवताना एकच गोष्ट घाईत करू नका. कन्व्हर्टरमध्ये तेल भरून तो हाताने फिरवत आत ढकला, खट, खट, खट असा तीनदा आत बसला पाहिजे. मग बॉक्स इंजिनला हाताने पूर्ण टेकतो का बघा, बोल्टने ओढून आणू नका, पंप फुटतो. टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या मागची चकती) यांच्यामध्ये पाव इंचापेक्षा जरा कमी फट दिसायला हवी. फट अजिबातच नसेल तर बॉक्स खाली उतरवा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.