इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये नवे असाल तर आधी रक्ताची नळी शिका

एम.एस्सी. करून इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये येणाऱ्यांना सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी१९, सीडी५६ ही पेशींचे प्रकार ओळखायच्या खुणांची, म्हणजे मार्करची, यादी बहुधा तोंडपाठ असते. अडतं ते दुसरीकडे. रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरच्या पडद्यावरचा फरक आजारामुळे दिसतोय की नळी दुपारभर टेबलावर पडून राहिल्यामुळे, हे ओळखता येत नाही. म्हणून सुरुवात नळीपासून.

पेशींना कल्चरमध्ये उत्तेजन देऊन त्या काय करतात ते पाहायचं असेल तर हिरव्या झाकणाची, म्हणजे हेपारिन हे रक्त गोठू न देणारं द्रव्य असलेली नळी घ्या. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीएही रक्त गोठू देत नाही, पण ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि टी-पेशीच्या (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीच्या) सक्रियतेला कॅल्शियम लागतं. नुसते मार्कर रंगवायचे असतील तर ईडीटीए चालतं. त्याच रक्तावर पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढून तपासणी) करायचा असेल तर मात्र हेपारिन टाळा, ते त्यातल्या एन्झाइमला अडवतं. नळी बर्फात ठेवू नका. खोलीच्या तापमानाला ठेवा आणि शक्यतो ६ ते ८ तासांत कामाला घ्या.

पीबीएमसी, म्हणजे रक्तातल्या लिम्फोसाइट (टी-पेशी, बी-पेशी वगैरे) आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी, वेगळ्या करायला १.०७७ घनतेचं फायकॉल हे जड द्रावण वापरतात. रक्त आणि पीबीएस (पेशींना सोसणारं मिठाचं द्रावण) सम प्रमाणात मिसळा. ५० मिलीच्या फाल्कन नळीत १५ मिली फायकॉल घेऊन त्यावर ३० मिली पातळ केलेलं रक्त सोडा. नळी तिरकी धरा, पिपेटचं टोक काचेला किंवा प्लॅस्टिकला टेकवा आणि सगळ्यात हळू वेगाने सोडा. मध्ये स्वच्छ रेघ दिसली पाहिजे. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट जोर), ३० मिनिटं, २० अंश सेल्सियस, आणि ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर सेंट्रिफ्यूज थांबताना थर ढवळले जातात. नवख्यांची ही सर्वात नेहमीची चूक, आणि ती ३० मिनिटं गेल्यावरच कळते.

वहीत आरपीएम (मिनिटाला फेरे) नको, जी लिहा. १७ सेंमी त्रिज्येच्या रोटरला ४०० जी म्हणजे सुमारे १४५० आरपीएम, १० सेंमीच्या रोटरला तेच सुमारे १८९०. सिनियरच्या वहीतला आकडा शेजारच्या यंत्रावर जसाच्या तसा चालवला की थर नीट बसत नाही आणि दोष फायकॉलच्या बाटलीला दिला जातो.

वर पिवळा प्लाझ्मा, खाली लाल तळ आणि मध्ये साईसारखा पांढुरका पातळ थर. हवा आहे तो हा. तो उचलताना खालचं फायकॉल जितकं कमी येईल तितकं बरं, कारण जड फायकॉलमध्ये पेशी तळाशी बसत नाहीत. म्हणूनच पहिल्या धुण्याला नळी पीबीएसने काठोकाठ भरतात: ३०० जी, १० मिनिटं. दुसरं धुणं २०० जी, १० मिनिटं, त्यात प्लेटलेट वर राहतात आणि निघून जातात. निरोगी माणसाच्या १ मिली रक्तातून साधारण १० लाख पेशी मिळतात. मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रिपन ब्लू सम प्रमाणात मिसळून मोजणीच्या काचेवर मोजा: चार कोपऱ्यांच्या चौकोनांची सरासरी गुणिले २ गुणिले १०,०००, म्हणजे प्रति मिली पेशी. ताज्या रक्तात जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या खाली आल्या तर तो नमुना पुढे नेऊ नका.

आता आजार. रक्त दिवसभर जुनं झालं की ग्रॅन्युलोसाइटची (एरवी तळाशी जाणाऱ्या दाणेदार पांढऱ्या पेशींची) घनता बदलते आणि त्या पीबीएमसीच्या थरात येऊन बसतात. गंमत अशी की ल्युपस या ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा) आजाराच्या रुग्णांत कमी घनतेच्या ग्रॅन्युलोसाइट ताज्या रक्तातही त्याच थरात सापडतात. एकच चित्र, एकदा आजाराचं आणि एकदा निष्काळजीपणाचं. रुग्णाचं रक्त दोन तासांत आणि निरोगी माणसाचं दुसऱ्या दिवशी, किंवा उलट, असं काम केलं तर ही दोन कधीच वेगळी करता येणार नाहीत. ऑटोइम्यून आजारांत औषधांचीही नोंद हवी. स्टेरॉइड घेतल्यावर काही तासांत रक्तातले लिम्फोसाइट घटतात. बी-पेशी मारणारं रिटक्सिमॅब घेतलेल्या रुग्णात त्या पेशींवरच्या सीडी१९चे ठिपके गायब दिसले तर अँटिबॉडी बिघडली असं समजून नवी मागवू नका. ल्युपस मुख्यतः बायकांना होतो, तेव्हा तुलनेसाठी लॅबमधल्या पोरांचं रक्त काढून भागत नाही.

संसर्गाच्या कामात आपल्याकडची एक वेगळीच अडचण आहे. ज्याला निरोगी कंट्रोल म्हणतो त्याला जन्मतः बीसीजी टोचलेली असते. पीपीडी (क्षयाच्या जंतूंच्या प्रथिनांचं मिश्रण) घातलं की त्याच्या टी-पेशीही इंटरफेरॉन गॅमा हा संदेशवाहक रेणू सोडतात. क्षयाच्या जंतूंचा खरा संसर्ग ओळखायला इसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं वापरतात, कारण ती बीसीजीच्या जंतूत नसतात.

कर्करोगाच्या गाठीतल्या टी-पेशी काढायच्या तर ऊतक बारीक कापून कोलॅजेनेज आणि डीएनेज या एन्झाइममध्ये ३७ अंशांवर ३० ते ६० मिनिटं ठेवतात, मग ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळतात. एन्झाइम काही मार्कर कापून टाकतात. म्हणून थोड्या पीबीएमसीही त्याच एन्झाइममध्ये तितकाच वेळ ठेवून पाहा. तिथेही मार्कर उडाला तर गाठीत तो नव्हता असं म्हणता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ पीडी-१चा, म्हणजे टी-पेशींना आवरणाऱ्या मार्करचा. गाठीतल्या सीडी८ पेशींवर पीडी-१ दिसला की लगेच ‘थकलेल्या पेशी’ (सतत लढून काम मंदावलेल्या) असं लिहून मोकळे होतात. पण नुकत्याच सक्रिय झालेल्या टी-पेशीवरही पीडी-१ येतोच. तीव्र संसर्गात जंतू हटला की तो उतरतो, जुनाट संसर्गात आणि कर्करोगात प्रतिजन (टी-पेशी ज्याला ओळखते तो रेणू) सतत समोर राहिल्याने टिकतो. ऑटोइम्यून आजारात हाच पीडी-१ पेशींना आवरणारा लगाम असतो. कर्करोगात अँटिबॉडीने तो लगाम सोडला की काही रुग्णांना आतड्याचा दाह, थायरॉइडचा दाह, क्वचित टाइप-१ मधुमेह होतो, तो यामुळेच. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांचं २०१८चं नोबेल याच लगामांच्या शोधाचं आहे. तेव्हा थकवा म्हणायचा तर पीडी-१बरोबर टिम-३ आणि लॅग-३ हे तसेच मार्कर पाहा, आणि मुख्य म्हणजे पेशींना उत्तेजन देऊन त्या सायटोकाइन (इंटरफेरॉन गॅमासारखे संदेशवाहक रेणू) बनवतात का ते तपासा.

त्यासाठी उत्तेजन देणारी द्रव्यं: पीएमए ५० नॅनोग्रॅम आणि आयनोमायसिन १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, सोबत सायटोकाइन पेशीतच अडवायला ब्रेफेल्डिन ए, असे ४ ते ६ तास. पीएमएमुळे माणसाच्या टी-पेशींवरचा सीडी४ पृष्ठभागावरून आत ओढला जातो. सीडी४ फिका दिसला तर घाबरू नका. सीडी३ असलेल्या पण सीडी८ नसलेल्या पेशींवर गेट लावा, म्हणजे पडद्यावर तेवढ्याच निवडा, किंवा सीडी४ची अँटिबॉडी पेशींना छिद्रं पाडल्यानंतर घाला. ट्रेग, म्हणजे इतर पेशींना आवरणाऱ्या टी-पेशी, ज्यावरून ओळखतात त्या फॉक्सपी३चंही असंच आहे. माणसाच्या साध्या टी-पेशीतही सक्रिय झाल्यावर तो थोडा वेळ दिसतो, म्हणून ट्रेग ओळखताना सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी ही जोडी सोबत हवी.

रंगवताना दर नळीत १० लाख पेशी १०० मायक्रोलिटरमध्ये. जिवंत-मृत ओळखणारा रंग आधी, नुसत्या पीबीएसमध्ये, कारण सीरममधली प्रथिनं तो रंग खाऊन टाकतात. मग एफसी ब्लॉक (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून) १० मिनिटं, नंतर अँटिबॉडी ३० मिनिटं, ४ अंशांवर, अंधारात. पीई-सीवाय७सारखे (पीईला दुसरा रंग जोडलेले) जोडरंग उजेडात तुटतात आणि पीईच्या खिडकीत खोटा उजेड पाडतात. प्रत्येक रंगाची एकेरी नळी आणि अंधूक मार्करसाठी एफएमओ कंट्रोल (एक रंग सोडून बाकी सगळे घातलेली नळी), यांत काटकसर करू नका. अँटिबॉडीच्या मात्रेत करा. टायट्रेशन केलं, म्हणजे वेगवेगळ्या मात्रा घालून पाहिल्या, तर बरेचदा बाटलीवर लिहिलेल्या मात्रेपेक्षा कमी पुरते.

उरलेल्या पेशी ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणाऱ्या द्रव्यात), मिनिटाला १ अंश या गतीने उणे ८० पर्यंत, आणि काही दिवसांत द्रव नायट्रोजनमध्ये. वितळवताना उलट घाई: ३७ अंशांच्या पाण्यात, बर्फाचा छोटा खडा उरेपर्यंतच, मग कोमट माध्यम थेंबाथेंबाने.

माणसाचं रक्त हाताळण्याआधी हिपॅटायटिस-बी लशीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस पूर्ण हवेत. पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) किंवा खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) डोळ्यापुढे असेल तर प्रवेशाच्या सहा महिने आधीच पहिला डोस घेऊन टाका. नेट-जेआरएफच्या अभ्यासात हे कोणी सांगत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ला (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडायच्या उपचाराला) २०२३मध्ये परवानगी मिळाल्यापासून टी-पेशी निर्जंतुक खोलीत वाढवता येणाऱ्यांना पीएच.डी.शिवायही वाट आहे. अशा मुलाखतीला जाताना ब्रेक का बंद ठेवायचा, याचं उत्तर तयार ठेवा.