नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि पीसी कोसळायला लागला? या चुका टाळा

"काल एक सॉफ्टवेअर टाकलं, आजपासून कॉम्प्युटर मधेच बंद पडतोय." इथपर्यंत सगळं ठीक असतं. पुढचं वाक्य ऐकून कपाळावर हात मारावासा वाटतो: "म्हणून ते काढलं, मग ड्रायव्हर अपडेटर टाकला, रजिस्ट्री क्लीनर चालवला, तरी होतंच आहे." (ड्रायव्हर म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा छोटा प्रोग्रॅम, रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही.) एका संशयिताचे आता तीन झाले, आणि पंचनाम्याआधीच जागा झाडून-पुसून लख्ख. विंडोज १० आणि ११ वर पुन्हापुन्हा दिसणाऱ्या चुका या अशा.

तारीख न बघता हात लावणे

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. दिवसवार आलेख दिसतो. लाल फुली म्हणजे काहीतरी कोसळलं. त्याच दिवसावर क्लिक केलं की खाली त्या दिवशी काय इन्स्टॉल झालं, कोणतं अपडेट बसलं, याची यादी येते. पहिली लाल फुली शोधायची आणि तिच्या आधीच्या दोन दिवसांत काय शिरलं ते कागदावर लिहायचं. हो, कागदावरच. मशीन सुरूच झालं नाही तर त्यातलं नोटपॅड काय कामाचं?

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसली की लोक लगेच एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलायला निघतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं. का, ते सांगत नाही.

जो पडला त्यालाच दोषी धरणे

वर्ड बंद पडतं म्हणून अख्खं ऑफिस काढून पुन्हा टाकणारे कमी नाहीत. इव्हेंट व्ह्यूअरच्या 'ॲप्लिकेशन' लॉगमध्ये १००० क्रमांकाची एरर उघडा. तिथे दोन ओळी असतात: 'फॉल्टिंग ॲप्लिकेशन नेम' म्हणजे कोण पडलं, आणि 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' म्हणजे कुणाच्या कोडमध्ये पडलं. दुसरी ओळ वाचायचे कष्ट फार थोडे घेतात.

आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण म्हणजे मराठी टायपिंगची दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू असणं. डीटीपीच्या जुन्या फॉन्टसाठी एक, युनिकोडसाठी दुसरं. अशी बरीच सॉफ्टवेअर प्रत्येक कळ मधल्यामध्ये पकडण्यासाठी आपली डीएलएल (कोडची फाइल) चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये घुसवतात. दोघांनी एकाच कळेवर झडप घातली की पडतं वर्ड किंवा कोरलड्रॉ, आणि शिव्याही त्यांनाच. युनिकोडसाठी वेगळं काही टाकायची गरजच उरलेली नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड आतच आहे. लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि तो निवडा. जुन्या फॉन्टचं इंजिन हवंच असेल तर तेवढं एकच ठेवा.

याच चुकीचं निळ्या पडद्यावरचं (अख्खं विंडोज कोसळल्यावर येतो तो) रूप: मिनीडंप (क्रॅशच्या क्षणाची नोंद-फाइल) उघडला, 'एनटीओएसकर्नल' दिसलं, "विंडोजच करप्ट आहे, फॉरमॅट मारा." अरे, तो विंडोजचा गाभा आहे. दुसऱ्या ड्रायव्हरने घातलेला घोळ पुष्कळदा त्याच्या दारात उघडकीला येतो. विनडीबीजी या डंप वाचणाऱ्या टूलमध्ये तो उघडून 'ॲनलाइझ' चालवा आणि स्टॅकमध्ये (कोसळताना चालू असलेल्या कामांच्या यादीत) मायक्रोसॉफ्टचा नसलेला ड्रायव्हर शोधा. एका डंपवर निकाल देऊ नका. तीन डंपमध्ये तेच नाव आलं तर बोला. डंपच नसेल तर 'क्लीनर'ने तो पुसलाय का ते बघा. एसएसडी वाचवायच्या नादात पेजफाइल (रॅमला पूरक अशी डिस्कवरची फाइल) बंद केली असेल, तर डंप लिहिलाच गेला नसेल.

दोन अँटीव्हायरस, म्हणे दुप्पट सुरक्षा

ही चूक बंद होईल अशी आशा आता सोडली आहे. अँटीव्हायरस हा साधा प्रोग्रॅम नसतो. त्याचा फिल्टर ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसतो आणि उघडणारी प्रत्येक फाइल आधी स्वतः तपासतो. दोन बसवले की एक फाइल उघडतो, ते उघडणं दुसरा तपासतो, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. नशीब बरं असेल तर मशीन रखडतं, नाहीतर निळा पडदा (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत काळा). विंडोज डिफेंडर समंजस आहे, दुसरा नोंदणीकृत अँटीव्हायरस आला की तो आपणहून बाजूला होतो. बाहेरून आणलेले दोन मात्र हटत नाहीत. दुसरा बहुतेक वेळा कुठल्यातरी फुकट प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरमधल्या, न वाचता 'नेक्स्ट' केलेल्या टिकमार्कमधून आलेला असतो.

तपासायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'एफएलटीएमसी' टाइप करा, एंटर. यादीत 'अल्टिट्यूड' नावाचा रकाना आहे. ३२०००० ते ३२९९९९ हा पट्टा अँटीव्हायरसचा. डिफेंडरचा 'डब्ल्यूडीफिल्टर' ३२८०१० वर असतो. त्याखेरीज या पट्ट्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नावं दिसली, तर घरात दोन पहारेकरी आहेत. एकाला घालवा, तेही कंट्रोल पॅनेलमधून आणि नंतर त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने. नुसत्या अनइन्स्टॉलने ड्रायव्हर मागे राहिल्याची उदाहरणं खंडीभर आहेत.

अँटीव्हायरस आणि कर्नलचं भांडण किती टोकाला जातं ते जानेवारी २०१८ मध्ये दिसलं. प्रोसेसरमधल्या 'मेल्टडाउन' त्रुटीसाठी मायक्रोसॉफ्टने ३ जानेवारीला अपडेट सोडलं. काही अँटीव्हायरस कर्नलच्या मेमरीत मागच्या दाराने शिरत होते. अपडेटने ते दार हललं आणि चाचणीतच निळे पडदे पडू लागले. म्हणून अपडेटसोबतच नियम आला: अँटीव्हायरसने रजिस्ट्रीत ठरावीक नोंद करून आपण सुसंगत असल्याचं कळवल्याशिवाय त्या मशीनला अपडेट मिळत नव्हतं.

"पण मी काहीच टाकलं नाही!"

तुम्ही नसेल टाकलं, आधीपासून असलेल्याने स्वतःच काहीतरी मागवलं असेल. १९ जुलै २०२४, भारतीय वेळ सकाळी ९:३९. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या फाल्कन सॉफ्टवेअरने जगभर एक छोटी माहिती-फाइल पाठवली. २१ रकाने अपेक्षित होते, प्रत्यक्ष पुरवले गेले २०. एकविसावा वाचायला ड्रायव्हर हद्दीबाहेर गेला आणि कोसळला. १०:५७ ला फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन निळी पडली होती, आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले जात होते. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर सुरू होतं तो) जा, ड्रायव्हर्स फोल्डरमधली ती २९१ क्रमांकाची फाइल पुसा, रीस्टार्ट. दोन मिनिटांचं काम. अनेकांना दिवस लागले, कारण डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती आणि ४८ अंकी रिकव्हरी की कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर हे कुलूप अनेकदा न विचारताच लागलेलं असतं. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच उतरवून ठेवा.

क्लीन बूट अर्धवट करणे

क्लीन बूट म्हणजे बाहेरच्या सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) बंद ठेवून विंडोज सुरू करणं. स्टार्टमधून एमएसकॉन्फिग उघडा, सर्व्हिसेस टॅब. आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक, मगच 'डिसेबल ऑल'. घाईत टिक करायची राहिली की विंडोजच्याच सर्व्हिसेस बंद होतात आणि नवा आजार सुरू होतो. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअप यादीही बंद करा. रीस्टार्ट. क्रॅश थांबला तर अर्ध्या सर्व्हिसेस चालू करा, पुन्हा रीस्टार्ट; मग ज्या अर्ध्यात दोष आहे तिचे पुन्हा दोन भाग. १६ सर्व्हिसेस असतील तर चार फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. एकेक तपासत बसणारा कंटाळून सोळाव्याच्या आधी फॉरमॅट मारतो. प्रत्येक फेरीनंतर क्रॅश ज्या कामात होत होता तेच काम करून बघा, नुसता डेस्कटॉप बघून "झालं" म्हणू नका.

क्लीन बूट आणि सेफ मोड दोन्हींतही पडत असेल तर नव्या सॉफ्टवेअरला सोडा, रॅम तपासा.

आणखी काही

ड्रायव्हर काढल्यावर 'शटडाउन' करू नका, 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठतो.

सेफ मोडमध्ये "अनइन्स्टॉल होत नाही" म्हणून घाबरू नका. तिथे विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस चालत नाही. सिस्टम रिस्टोर (विंडोजला आधीच्या स्थितीत नेणारी सोय) वापरा. तुमच्या फाइलींना तो हात लावत नाही.

सिस्टम रिस्टोर अनेकदा बंदच असतो, हे लोकांना गरज पडते त्या दिवशी कळतं. 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्हसाठी चालू करा, ५ ते १० जीबी द्या.

एका दिवसात पाच सॉफ्टवेअर टाकू नका. एक टाका, एक दिवस वापरा.

ड्रायव्हर अपडेटर नावाचा प्रकार: नको.

सेफ मोडसाठी शिफ्ट दाबून 'रीस्टार्ट' करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि ४. एमएसकॉन्फिगमधली 'सेफ बूट'ची टिक हा शॉर्टकट वाटतो, पण ती काढेपर्यंत मशीन दरवेळी सेफ मोडमध्येच उठतं. तिथे पिन चालला नाही आणि पासवर्ड आठवत नसेल तर तुम्ही बाहेर उभे. तसं झालंच तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून मशीन बंद करा, असं दोन-तीनदा. रिपेअरचा पडदा येईल. तिथल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बूटच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या 'बीसीडीएडिट'ने 'सेफबूट' हे मूल्य काढून टाका आणि रीस्टार्ट करा. तिथेही बिटलॉकरची की मागितली जाऊ शकते.