इंदूरमध्ये ब्रूपबला जेवायला जाताना

ज्या उपाहारगृहात बिअर तिथल्याच टाक्यांमध्ये तयार होते आणि तिथेच जेवणाबरोबर वाढली जाते, त्याला ब्रूपब म्हणतात. बाटलीतली बिअर बहुधा पाश्चरीकरण करून दूरवर पाठवलेली असते. ब्रूपबमधली बिअर मात्र तयार होऊन काही दिवसच झालेले असतात, आणि तिची खरी गोडी या ताजेपणातच आहे. आपल्याकडे ही पद्धत फार जुनी नाही. पुण्यात २००९ साली सुरू झालेली डूलाली हे तिच्या आरंभीच्या नावांपैकी एक. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीवरून इंग्रजांच्या बोलीत रूढ झालेला तो शब्द आहे. इंदूरमध्ये अशी ठिकाणे राजवाड्याच्या जुन्या पेठांपेक्षा विजयनगर आणि आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूला शोधावीत. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत बिअर ही जेवणाआधी उरकून टाकायची गोष्ट समजली जाते. माझे मत याच्या नेमके उलट आहे, आणि पुढच्या साऱ्या सूचना त्या मतातूनच आल्या आहेत: ही बिअर जेवणातला एक पदार्थ मानून, ताटाबरोबरच घ्यावी.

मध्य प्रदेशात मद्यपानासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणून मंडळींत तरुण मुले असतील तर ओळखपत्र बरोबर ठेवावे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी, तसेच मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत मद्य मिळत नाही. शनिवारी-रविवारी संगीताचा आवाज इतका असतो की शेजारी बसलेल्याशी बोलणेही कठीण होते. घरातली वडीलधारी माणसे येणार असतील तर मंगळवार-बुधवारची संध्याकाळ निवडावी आणि सात-साडेसातला टेबल राखून ठेवावे. त्याच फोनवर आज कोणकोणत्या बिअर तयार आहेत हेही विचारून घ्यावे, कारण यादीत छापलेली प्रत्येक बिअर रोज असतेच असे नाही.

पहिल्यांदा गेल्यावर मोठा मग मागवू नये. बहुतेक ठिकाणी चार-सहा लहान पेल्यांचा चवीचा संच मिळतो. तो दोघांत एक घ्यावा. मी पहिल्या खेपेला नाव आवडले म्हणून थेट कडक, कडवट बिअरचा मोठा पेला मागवला आणि त्यानंतर आलेल्या जेवणाची चवच लागली नाही. म्हणून चव घेताना हलक्याकडून गडदकडे जावे, आणि कडू बिअर शेवटच्या टोकाला ठेवावी. सुरुवात गव्हाच्या बिअरने करावी. जर्मन पद्धतीच्या हेफेवायझनमध्ये निम्म्याहून अधिक धान्य गव्हाचे असते, आणि तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा जो वास येतो तो केळे किंवा लवंग घातल्याने नव्हे, तर तिच्या विशिष्ट यीस्टमुळे येतो. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते, त्यामुळे मराठी जिभेला ती लवकर ओळखीची वाटते. लागर आणि एल या बिअरच्या दोन मुख्य जाती. लागर थंड तापमानात सावकाश आंबते आणि नंतर कित्येक आठवडे मुरते, म्हणून ती स्वच्छ आणि साधी लागते. एल त्यामानाने उबेत आणि लवकर होते, म्हणून तिला फळांसारखा गंध असतो. इंडिया पेल एलमध्ये हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा पुढे असतो. स्टाउट या गडद बिअरचा काळा रंग आणि कॉफीसारखी चव खरपूस भाजलेल्या जवाची असते, आणि ती फार गार प्यायली तर ही चव दबून जाते. पेला दहा मिनिटे टेबलावर तसाच राहू द्यावा.

जेवणाची निवड हा या संध्याकाळचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि इथेच लोक कमी विचार करतात. तिखट पदार्थांबरोबर फार कडवट किंवा जास्त मद्यांश असलेली बिअर घेतली की तिखट अधिकच झोंबते. माळव्यातल्या आणि आपल्या घरच्या तिखट चवीला म्हणूनच गव्हाची बिअर सर्वांत चांगली साथ देते. रतलामी शेवेत लवंग असते आणि हेफेवायझनलाही लवंगेचा गंध असतो, त्यामुळे ही दोन्ही एकत्र घेतली तर एकीची चव दुसरीत मिसळून जाते. यादीत शेव किंवा मसाला शेंगदाणे दिसले तर ते आधी मागवावेत. भुट्ट्याचा कीस दुधात शिजवलेला, किंचित गोडसर असतो. तो कुठे मिळाला तर त्याबरोबर विटबिअर घ्यावी. तळलेल्या पदार्थांना लागर चांगली, कारण तिचे बुडबुडे जिभेवरचे तेल साफ करतात. तंदूरमधल्या धुरकट मांसाला किंवा पनीरला गडद एल, आणि शेवटी चॉकलेटच्या एखाद्या पदार्थाला स्टाउट. लोणी-मलईच्या घट्ट रश्श्याबरोबर मात्र मला कोणतीच बिअर पटलेली नाही. पोट लवकर भरते आणि दोन्हींची चव वाया जाते.

बिअर चांगली आहे की नाही हे डोळ्यांनी आणि नाकाने कळते. पेल्याच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले असतील तर पेला नीट धुतलेला नाही. लागरला लोण्यासारखा वास येत असेल तर ती पुरेशी मुरलेली नाही किंवा नळ्या स्वच्छ नाहीत, आणि जी बिअर आंबट असायला नको ती आंबट लागली तर ती बिघडलेली आहे. अशा वेळी संकोच न करता, शांतपणे, पेला बदलून मागावा. गव्हाच्या बिअरचा गढूळपणा मात्र दोष नव्हे.

शाकाहारी घरांतून येणाऱ्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा. बिअर नितळ करण्यासाठी काही ठिकाणी माशाच्या वाताशयापासून केलेला आयसिंग्लास वापरतात, आणि तो यादीत लिहिलेला नसतो. बनवणारा ब्रूमास्टर समोरच असल्यामुळे तिथल्या तिथे खात्रीचे उत्तर मिळू शकते. टाक्या पाहू देण्याची विनंतीही करावी. गर्दी नसेल तर ही माणसे आपल्या कामाविषयी आनंदाने बोलतात.

प्रमाणाचा हिशेब आधीच मनाशी ठरवावा. पाच टक्के मद्यांशाच्या ५०० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते, आणि ते शरीरातून जायला सर्वसाधारणपणे दोन तास किंवा अधिक लागतात. प्रत्येक पेल्याबरोबर तितकेच पाणी प्यावे. झोपेच्या, मधुमेहाच्या किंवा अन्य नियमित गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बिअर घेऊ नये.

बिलात दोन कर वेगळे दिसतील: जेवणावर वस्तू व सेवा कर, जो बहुतेक स्वतंत्र उपाहारगृहांत ५ टक्के असतो, आणि बिअरवर राज्याचा कर, कारण मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेत येत नाही. सेवाशुल्क सक्तीचे नाही. तसे सांगणाऱ्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरल्या आहेत. वाढणाऱ्याने मनापासून केले असेल तर बक्षिसी त्याच्या हातात द्यावी.

गाडी घरीच ठेवून जावे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. रिक्षा किंवा टॅक्सी बिल मागवतानाच बोलवावी. बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याच रात्री सराफा, म्हणजे रात्री भरणारा खाऊबाजार, दाखवण्याचा मोह होतो, पण तिथे लहान मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांची दाटी असते. सराफा दुसऱ्या रात्रीसाठी राखून ठेवावा आणि या रात्री सरळ घरी यावे.