खापरपणजीचा शोध: एकोणिसाव्या शतकातील शेतकरी स्त्री जुन्या दप्तरांत कशी शोधावी

घराण्याची वंशावळ लिहायला घेतली की पाच-सहा पिढ्यांतील पुरुषांची नावे बहुधा जुळवता येतात. त्यांच्या बायकांच्या जागा मात्र रिकाम्या राहतात. याचा अर्थ त्यांची नोंदच झाली नाही असा नव्हे. सारा भरणारा, कर्ज काढणारा आणि गावकीत बसणारा पुरुष असल्यामुळे कागदही त्याच्याच नावाने चालत असे, आणि स्त्रीचे नाव त्यात येई ते बहुतेक वेळा पुरुष नाहीसा झाल्यावर. म्हणून १८५०-६०च्या सुमारास जन्मलेल्या खापरपणजीचा शोध घेताना नवऱ्याचा मृत्यू, मुलाचे अज्ञानपण (म्हणजे सज्ञान नसणे), जमिनीची वाटणी, कर्ज आणि तीर्थयात्रा या प्रसंगांचे कागद आधी पाहावेत.

सुरुवात घरापासूनच करावी, आणि शक्यतो घरातील सर्वांत वृद्ध स्त्रियांपासून. ‘खापरपणजीचे नाव काय?’ असे थेट विचारल्यास उत्तर येतेच असे नाही. त्याऐवजी पणजोबांच्या मामाचे गाव कोणते, लग्नात आहेर कोणत्या गावाहून येत असे, जात्यावरच्या ओव्यांत माहेर म्हणून कोणत्या गावाचे नाव येई, असे विचारावे. श्राद्धाची तिथी अवश्य टिपून घ्यावी. पितृपक्षात भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, एखाद्या पूर्वज स्त्रीच्या नावाने सवाष्ण जेवू घालण्याची रीत घरात असेल, तर ती स्त्री नवऱ्याच्या आधी गेली एवढे निश्चित होते. एवढी एक गोष्ट कळली तरी पुढील शोधाची दिशा ठरते, कारण सवाष्ण गेलेल्या स्त्रीचे नाव जमिनीच्या कागदांत मिळण्याची शक्यता फार थोडी असते.

दप्तरात शिरण्यापूर्वी मोडी लिपीची तोंडओळख करून घ्यावी, किंवा जाणकार सोबत घ्यावा. कालगणनेचेही भान हवे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो; दख्खनच्या फसली, म्हणजे सारावसुलीच्या, सालात ५९० मिळवावे लागतात, आणि ते साल जूनच्या सुरुवातीस, मृग नक्षत्राबरोबर बदलते. त्यामुळे शके १७९८ आणि फसली १२८६ ही दोन्ही साले १८७६ मध्येच सुरू होतात, परंतु त्यांच्या आरंभांत दोन-अडीच महिन्यांचे अंतर असते. नावांपुढील खुणाही ओळखता आल्या पाहिजेत. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, या शब्दानंतर नवऱ्याचे नाव येते. आडनाव अनेकदा नसतेच, म्हणून केवळ आडनावावर विसंबून शोधणाऱ्याला रिकाम्या हाताने परतावे लागते.

जमिनीच्या कागदांत सर्वांत फलदायी म्हणजे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला, त्यामुळे हे कागद विसाव्या शतकातील आहेत. तथापि आपली खापरपणजी त्या वेळी हयात, आणि कदाचित विधवा, असण्याची शक्यता बरीच आहे. ‘अमुक मयत, वारस मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई सखूबाई’ अशा धर्तीची एखादी ओळ सापडली, तर अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता हे ध्यानात घेऊन तिच्यातून पुष्कळ वाचता येते: नवरा केव्हाच्या सुमारास गेला, मूल किती लहान होते, आणि दीर किंवा सासरा असतानाही कारभार तिच्याकडे आला की नाही. विधवेचे नाव थेट खातेदार म्हणून लागले असेल, तर नवरा भाऊबंदांपासून विभक्त होता आणि त्याला मुलगा नव्हता असा तर्क करता येतो, कारण हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काच्या १९३७च्या कायद्यापूर्वी एकत्र कुटुंबातील विधवेला सामान्यतः पोटगीचाच हक्क असे. अर्थात हा तर्कच आहे; दुसऱ्या कागदाचा आधार मिळेपर्यंत तो पेन्सिलनेच लिहावा. आजच्या सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक धरून एकेक पायरी मागे जावे, आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा. त्यामागील काळासाठी मोजणीखात्याची शेतवार आणि सूड पत्रके पाहावीत. १८३६ साली इंदापूर तालुक्यातून सुरू झालेली ही मोजणी दख्खनभर पसरली. तिच्या पत्रकांत प्रामुख्याने खातेदार पुरुषच भेटतात, पण त्यांच्यामुळे घराची जमीन आणि तिचा आकार, म्हणजे ठरलेला सारा, कळतो.

कर्जाच्या कागदांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण वंशावळ शोधणारे लोक त्यांच्याकडे उगाच दुर्लक्ष करतात. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले आणि शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली आलेल्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दस्त गावपातळीच्या निबंधकासमोर होऊ लागले. घरातील जुन्या पेटीत गहाणखत किंवा खरेदीखत असेल, तर त्याचा शेवट आधी वाचावा. निरक्षर शेतकरी सहीऐवजी नांगराची निशाणी करी, तर स्त्री बांगडीची. ‘निशाणी बांगडी’ असे दिसले, तर जमीन गहाण पडत असताना ती बाई व्यवहारात पक्षकार किंवा साक्षीदार होती हे उघड आहे. माझ्या मते खापरपणजीच्या हयातीचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले कोतवाल बुक, पाहावे. जन्माच्या नोंदीत अनेकदा बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, आणि मृत स्त्रीची नोंद अमक्याची बायको म्हणूनही सापडते. वय अंदाजाने लिहिलेले असते, त्यात पाच-सात वर्षांचा फरक सहज निघतो. १८७६-७८चा दुष्काळ आणि १८९६ पासूनची प्लेगची साथ या वर्षांतील पाने सावकाश वाचावीत. एकाच घरातील दोन-तीन मृत्यू पाठोपाठ आढळू शकतात. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने पहिल्या अपत्याची नोंद सासरच्या गावात न मिळाल्यास माहेरच्या गावचे पुस्तक काढावे. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात अनेक जिल्हाधिकारी कार्यालयांनी जुन्या पानांच्या प्रतिमा संकेतस्थळांवर ठेवल्या आहेत, त्यांमुळे काही हेलपाटे वाचतात. जनगणनेच्या मागे मात्र लागू नये. १८७२ आणि १८८१च्या गणनांचे छापील तक्ते मिळतात, माणसांची नावे मिळत नाहीत. मराठवाड्यातील घराण्यांना निजामी अमलाचे उर्दू कागद वाचणारा माणूस शोधावा लागेल.

एक गोष्ट अवघड असली तरी टाळू नये. अनेक शेतकरी जातींत विधवेचा पाट, म्हणजे मोहतूर किंवा पुनर्विवाह, रूढ होता. त्यामुळे एकच स्त्री दोन नवऱ्यांच्या नावांपुढे दिसू शकते, आणि पुढील पिढ्यांनी प्रतिष्ठेपायी तो भाग गाळलेला असतो. तारखा किंवा मुलांची वये जुळत नसतील, तर कारकुनाची चूक मानण्यापूर्वी ही शक्यता तपासावी.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावागावांतील घराण्यांच्या नामावळ्या आहेत. यात्रेला आलेल्या माणसाने सोबतची आई, बायको, मुले आणि मृत पूर्वज यांची नावे तेथे सांगितलेली असल्याने सरकारी कागदात नसलेली स्त्री तेथे भेटू शकते. जाताना आडनाव, मूळ गाव आणि कुळदैवत पक्के करून जावे, अन्यथा योग्य वहीच निघत नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात वंशावळ सांगत फिरणाऱ्या हेळव्यांनाही विचारावे. लग्नानंतर नाव बदलले असल्यास सासरच्या वहीतील ‘राधाबाई’ माहेरच्या वहीत वेगळ्याच नावाने असू शकते. म्हणून पणजोबांच्या मामाच्या घराण्याची वहीही उघडायला लावावी आणि त्यात आपल्या गावी दिलेली लेक कोणती, एवढेच आधी पाहावे.