कामासाठी पुण्यात आलात, तर उरलेल्या अर्ध्या दिवसात पेठा कशा पाहाव्यात

कामानिमित्त विमानाने पुण्यात येणाऱ्या माणसाला बहुधा लोहगावचा विमानतळ, खराडीची किंवा विमाननगरची एखादी काचेची इमारत आणि हॉटेलची खोली एवढेच पुणे दिसते. लेखापरीक्षणाच्या कामासाठी मी नागपूरहून दर महिन्या-दोन महिन्यांनी इथे येतो, आणि पहिली दोन वर्षे माझेही पुणे नगर रस्त्याच्या पलीकडे गेले नव्हते. पुढे एकदा दुपारची बैठक ऐनवेळी रद्द झाली, हातात पाच तास आले, आणि मी पेठांत जाऊन आलो. त्यानंतर अनेकदा केलेल्या याच फेरीवरून ही पद्धत मी ठरवली आहे. सकाळच्या विमानाने येऊन एकच्या सुमारास मोकळे होणाऱ्या आणि रात्री आठनंतरच्या विमानाने परतणाऱ्या प्रवाशाला ती जशीच्या तशी वापरता येईल.

सगळे गणित परतीच्या विमानापासून उलटे मांडावे. विमान साडेआठचे असेल, तर बहुतेक कंपन्यांचा सामान स्वीकारण्याचा खिडकीव्यवहार साडेसातला बंद होतो आणि विमानात शिरण्याचे प्रवेशद्वार उड्डाणाच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी मिटते; म्हणून सातला विमानतळावर पोहोचायचे आणि त्यासाठी पेठांतून पावणेसहाला निघायचे. ही पावणेसहाची वेळ आधी कागदावर लिहून ठेवावी आणि मग फिरण्याचा विचार करावा. मी सुरुवातीला उलट करीत असे, म्हणजे आधी फिरायचे आणि मग घड्याळ पाहायचे. एका संकष्टीला मी टॅक्सीने निघालो, दगडूशेठ गणपतीच्या परिसरातल्या गर्दीतून बाहेर पडण्यातच अर्धा तास गेला, नगर रस्त्यावर उरलेला वेळ गेला, आणि विमानात शिरणारा शेवटचा प्रवासी मीच होतो. तेव्हापासून तिकीट काढताना मी दिनदर्शिकेत चतुर्थी पाहतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत, विशेषतः विसर्जनाच्या आसपास, ही फेरी काढूच नये; तेव्हा पुणे पाहायचे असेल तर मुक्कामाच्या तयारीनेच यावे.

सामान सात किलोंच्या आतल्या एकाच पाठपिशवीत बसवावे. चाकांची बॅग पेठांच्या पदपथांवर ओढत नेणे ही शिक्षा आहे, कारण तिथे दहा पावलांवर पायरी, विजेची पेटी किंवा उभी केलेली दुचाकी येते. बैठक खराडी, विमाननगर किंवा कल्याणीनगर भागात असेल तर लॅपटॉप आणि बॅग यजमानांच्या स्वागतकक्षात ठेवून परतताना घेता येते, कारण ते ठिकाण विमानतळाच्या वाटेवरच असते. बैठक हिंजवडीला असेल तर मात्र सारे काही पाठीवरच घ्यावे लागते, आणि फिरण्यातला तासभर प्रवासात जातो हेही धरून चालावे.

नागपूरहून पुण्याला येताना उजवीकडची खिडकी मागावी, म्हणजे ‘एफ’ अक्षराची. विमान पश्चिमेला जात असते, उजवी बाजू उत्तरेची असते आणि त्यामुळे ऊन डोळ्यांवर येत नाही, हे एक कारण. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. नकाशावर नागपूर आणि पुणे यांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती साधारण मध्यावर लोणारच्या किंचित दक्षिणेकडून जाते. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर जमिनीवरून एका नजरेत मावत नाही. वरून मात्र ते एखाद्या वाटीसारखे दिसते, कडेला गर्द झाडीची कड आणि मधे हिरवट पाणी. 2020 च्या जून महिन्यात हेच पाणी गुलाबी झाल्याची चर्चा देशभर झाली होती. विमान त्या रेषेजवळून गेले आणि ढग नसले, तरच हे दिसते. मला सहा-सात फेऱ्यांनंतर पहिल्यांदा दिसले. त्याच बाजूला पुढे गोदावरीवरचा पैठणचा नाथसागर येतो, आणि तो इतका पसरट आहे की हुकण्याची भीती नाही. उन्हाळ्यात या दोहोंच्या मधल्या करड्या पट्ट्यात प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी आरशाच्या तुकड्यांसारखी चमकतात. सव्वा-दीड तासाच्या या प्रवासात लॅपटॉप उघडून कोष्टके भरणारे सहप्रवासी मी दर वेळी पाहतो, आणि दर वेळी मला त्यांची थोडी कीव येते.

लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा आहे आणि प्रवासी विमाने त्यांच्याच धावपट्टीवर उतरतात. म्हणून तिथे उतरताना किंवा धावपट्टीवरून जाताना छायाचित्रे काढण्यास मनाई असते. भ्रमणध्वनी खिशात ठेवून नुसते पाहावे. प्रवाशांची नवी इमारत 2024 च्या जुलैपासून वापरात आहे. अ‍ॅपवरून बोलावलेली टॅक्सी थेट दारात येत नाही, ती शेजारच्या एरोमॉल या वाहनतळाच्या इमारतीतून मिळते, त्यामुळे बैठकीला निघताना त्या चालण्याची दहा मिनिटे हिशेबात धरावीत.

बैठक संपल्यावर पेठांत टॅक्सीने जाण्याचा मोह टाळावा आणि रिक्षाने रामवाडी मेट्रो स्थानक गाठावे. रामवाडीहून वनाझकडे जाणाऱ्या गाडीत बसून जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरायचे, जे बहुतेक पुणेकर अजूनही सिव्हिल कोर्ट म्हणूनच ओळखतात, आणि तिथे स्वारगेटकडे जाणारी गाडी पकडायची. पहिली मार्गिका रस्त्याच्या वरून जाते आणि दुसरी जमिनीखाली सुमारे तेहेतीस मीटर खोल आहे, त्यामुळे गाडी बदलण्यासाठी एकामागून एक सरकते जिने उतरावे लागतात. नवख्या माणसाने याला दहा मिनिटे द्यावीत. पुढचे कसबा पेठ स्थानक सोडून त्यानंतरच्या मंडई स्थानकावर उतरावे. हा जमिनीखालचा टप्पा 2024 च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला आणि त्यामुळेच ही फेरी अर्ध्या दिवसात बसू लागली, कारण पेठांतले बहुतेक मोठे रस्ते एकेरी आहेत आणि वाहनाने शिरलेल्या माणसाला हाकेच्या अंतरासाठी मोठा वळसा पडतो.

वर येऊन लगेच बाजारात घुसू नये. दुपारी एक ते चार या वेळात पेठांतली बरीच जुनी दुकाने बंद असतात. याची चेष्टा करून झाली की हीच गोष्ट आपल्या सोयीची आहे हे लक्षात घ्यावे. दुकाने मिटलेली असताना संग्रहालय पाहायचे, दुकाने उघडू लागली की बाजारातून उत्तरेकडे निघायचे आणि कसबा पेठ स्थानकावर फेरी संपवायची, असा क्रम ठेवला म्हणजे उलटे चालावे लागत नाही आणि एकूण चालणे जेमतेम तीन किलोमीटरचे होते.

म्हणून पहिला थांबा शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगावी फिरून जमवलेल्या घरगुती वस्तू इथे आहेत, आणि संग्रहालयाला नाव त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे आहे. सगळी दालने पाहायला गेलात तर दिवस पुरणार नाही, तेव्हा एखादाच प्रकार निवडून तोच नीट पाहावा. मी अडकित्ते निवडतो. सुपारी कातरण्याच्या या साध्या हत्याराला कुठे पोपटाचे, कुठे घोड्याचे, तर कुठे एकमेकांना बिलगलेल्या जोडप्याचे रूप दिलेले आहे, आणि पाते मिटले की त्या आकृतीची हालचाल पूर्ण होते. अंघोळीत पाय घासण्याच्या वज्र्याही अशाच पाहण्यासारख्या आहेत. चाळीस मिनिटे झाली की निघावे.

तिथून चालत मंडईकडे परतावे. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत 1886 मध्ये खुली झाली, तेव्हा मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांवरून तिचे नाव रे मार्केट होते. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, आणि आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. आत उंच ओट्यांवर बसलेले विक्रेते वरून बोलतात आणि गिऱ्हाईक मान वर करून भाव विचारते, ही गोष्ट मला इतरत्र पाहायला मिळालेली नाही. काही घ्यायचे नसेल तर वाटेत उभे राहू नये; तसे स्पष्ट सांगणारे कोणीतरी भेटतेच.

तुळशीबाग मंडईला लागूनच आहे. पितळी भांडी, भातुकली, देवांचे साहित्य आणि स्त्रियांच्या दागिन्यांची ही दाटी ओलांडून आत गेलात, तर पेशवाईतले राममंदिर लागते आणि बाहेरचा गोंगाट अचानक कमी होतो. खरेदीबाबत एक इशारा माझ्या खर्चाने देतो. संग्रहालयातल्या अडकित्त्यांनी भारावून मी आईसाठी एक पितळी अडकित्ता घेतला आणि पाठपिशवीत टाकला. विमानतळावर सुरक्षा तपासणीत तो सापडला. जवानाने अत्यंत सौजन्याने तो बाजूला काढला आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. अडकित्ता, विळी, सुरी यांपैकी काही घेतले, तर ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानातच द्यावे, नाहीतर कुरियर करावे. पॉवर बँकेचा नियम याच्या नेमका उलट आहे, ती स्वतःजवळच्या बॅगेतच हवी.

जवळचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, 1807 चा आहे. वेळ कमी असेल तर रस्त्यावरूनच त्याचा लाकडी दर्शनी भाग पाहावा. तिथून लक्ष्मी रस्ता ओलांडून दगडूशेठ गणपतीपर्यंत यावे. समोरच भिडे वाड्याची जागा आहे, जिथे फुले दांपत्याने 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू केली. जुनी वास्तू स्मारकासाठी 2023 च्या डिसेंबरमध्ये पाडण्यात आली.

शनिवारवाड्यात फार अपेक्षेने जाऊ नये. 1730 मध्ये पायाभरणी झालेल्या या वाड्याच्या आतले सगळे मजले 1828 च्या आगीत गेले, आणि आत आता मुख्यतः जोती, बाग आणि शाळेच्या सहली आहेत. पाहण्यासारखा आहे तो दिल्ली दरवाजा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दारावर बसवलेले लोखंडी अणकुचीदार खिळे जवळून पाहिले की त्यांची उंचीही विचारपूर्वक ठरवलेली आहे हे कळते. अर्धा तास पुरतो. समोरच्या लाल महालाची आजची इमारत महानगरपालिकेने अलीकडच्या काळात उभारलेली आहे, हे माहीत असलेले बरे.

आता साडेचार-पाच झालेले असतात आणि या फेरीतला माझ्या मते सर्वांत चांगला भाग उरलेला असतो. ग्रामदैवत कसबा गणपतीचे दर्शन घेऊन तांबट आळी कुठे हे विचारावे, आणि नाही सापडली तर गल्लीत थांबून कान द्यावा. ठोक्यांचा आवाज तुम्हाला नेतो. पेशव्यांच्या आश्रयाने इथे वसलेल्या तांबटांच्या घरांतून आजही तांब्याची भांडी घडवली जातात. कारागीर जमिनीवर बसतो, ऐरणीवर भांडे तिरके धरतो, उजव्या हाताने हातोडी मारतो आणि डाव्या हाताने भांडे अगदी थोडे फिरवतो, इतके थोडे की दोन ठोक्यांच्या मधली जागा कुठेही मोकळी राहत नाही. ठोके ओळीने पडत जातात आणि गुळगुळीत पत्र्यावर चकाकणारे लहान लहान पैलू उठतात. याला मठारकाम म्हणतात. ही केवळ नक्षी नव्हे. ठोकल्याने तांब्याला कणखरपणा येतो आणि भांड्याला सहजी पोचा पडत नाही. घेताना बोट फिरवून पाहावे, हाताने केलेल्या कामात दोन पैलू तंतोतंत सारखे लागत नाहीत. पाण्यासाठी तांब्या किंवा लोटी घ्यायची असेल तर कल्हईची गरज नाही, पण स्वयंपाकासाठी पातेले घेणार असाल तर आतून कल्हई केलेलेच मागावे, कारण आंबट पदार्थ उघड्या तांब्याला लागून कळकतो. काम चालू असताना छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. नकार मला अजून कोणी दिलेला नाही.

निघण्यापूर्वी जवळच्या एखाद्या अमृततुल्यात उभ्या उभ्या चहा घ्यावा. पितळी पातेल्यात आले-वेलची घालून उकळलेला आणि फडक्यातून गाळलेला तो चहा फार गोड असतो, तेव्हा साखर कमी हवी असल्यास आधीच सांगावे, तरी ती फारशी कमी होईलच असे नाही.

पावणेसहाला फडके हौदाजवळच्या कसबा पेठ स्थानकात उतरावे. एकच स्थानक जाऊन जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, आणि या वेळी तेच जिने चढून वर यायचे असते. संध्याकाळी रामवाडीकडच्या गाडीत उभे राहावे लागते, पण खाली तुंबलेला रस्ता पाहताना त्याचे काही वाटत नाही. रामवाडीला रिक्षा मिळण्यास वेळ लागतो, म्हणून गाडीत असतानाच अ‍ॅपवरून ती ठरवून ठेवावी आणि वाटेत बॅग घ्यायची असल्यास तो थांबाही आधीच टाकावा. परतीच्या विमानात मार्गिकेकडची जागा घेतली तरी चालते, कारण बाहेर अंधार असतो आणि नागपूरला लवकर उतरता येते. तांब्याचा तांब्या मात्र वरच्या कप्प्यात न ठेवता पायाशी ठेवावा, दुसऱ्याच्या बॅगेखाली त्याला पोचा पडतोच.