बॅटरीच्या गाडीचा वर्ग निवडताना या चुका टाळा

नागपुरात ‘बॅटरीची गाडी’ या एकाच नावाखाली तीन वेगळी वाहने विकली जातात: पायडल मारताना मोटरची जोड देणारी ई-सायकल, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी बिनापासिंगची स्कूटर, आणि आरटीओत नोंदणी झालेली, हिरव्या नंबर प्लेटची स्कूटर किंवा मोटारसायकल. शोरूममध्ये या शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि दोन्ही स्कूटर तर दिसायलाही सारख्याच असतात, त्यामुळे ग्राहक किंमत पाहून निवड करतो आणि वर्गाचा विचार पहिल्या उड्डाणपुलावर, पहिल्या मे महिन्यात किंवा पहिल्या अपघातानंतर सुरू होतो.

कायद्याची रेषा स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील तरतुदीनुसार ज्या दुचाकीच्या मोटरची ३० मिनिटांची शक्ती (म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकते ती) ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी आहे, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, बॅटरी वगळून वजन ६० किलोंपेक्षा जास्त नाही आणि जिला योग्य ब्रेक व पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर आहे, ती ‘मोटार वाहन’ समजली जात नाही. म्हणून तिला परवाना, नोंदणी आणि विमा यांची सक्ती नाही. यातली एक अट मोडली, तरी ते मोटार वाहन होते आणि सगळे नियम लागू होतात.

‘लायसन लागत नाही’ एवढ्यावर निर्णय घेणे

माझ्या धाकट्या भावाने सक्करदऱ्याहून धरमपेठेत शिकवणीला जाणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीसाठी बिनापासिंगची स्कूटर घेतली, तेव्हा मी सोबत होतो. विक्रेत्याने सीट उचलून कंट्रोलरजवळचा (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) पांढऱ्या वायरचा छोटा वळसा दाखवला, ज्याच्या मधोमध एक कनेक्टर होता, आणि म्हणाला, “भाऊ, हे एवढं सोडलं का गाडी पंचेचाळीस पळते, अन् लायसनचं टेन्शनच नाही.” ही सोय आहे, असे आम्हा दोघांनाही त्या वेळी वाटले, हे कबूल केले पाहिजे.

प्रत्यक्षात तो कनेक्टर सुटला त्या क्षणी ती गाडी विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन झाली. सपाट रस्त्यावर ताशी ४५ च्या वेगाला एका माणसासह स्कूटर ढकलायला, मुख्यतः हवेच्या विरोधामुळे, साधारण एक किलोवॅट शक्ती लागते. याचा अर्थ ‘२५० वॅट’ लिहिलेली जी गाडी ४५ पळते, तिची मोटर त्या आकड्याच्या कितीतरी पुढे काम करत असते. एकतर आकडा खोटा असतो किंवा मोटर व कंट्रोलर दोन्ही भाजत असतात. अपघातात समोरच्याला इजा झाली, तर भरपाई देणारी विमा कंपनीच नसते आणि रक्कम मालकाच्या खिशातून जाते. चालवणारा अठरा वर्षांखालील असेल, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ साली तपासणी मोहीमही काढली होती.

म्हणून खरेदीआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र, ज्यावरचे मॉडेल आणि प्रकार समोरच्या गाडीशी जुळले पाहिजेत. निव्वळ त्याच कंपनीचे प्रमाणपत्र असून भागत नाही. दुसरी म्हणजे मोटरवर कोरलेला आकडा. विक्रेता यांपैकी काही दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर दुकान बदलावे.

परदेशी वर्गीकरण वाचून गाडी किंवा किट मागवणे

इंटरनेटवर ‘क्लास १’, ‘क्लास २’, ‘क्लास ३’ अशी भाषा आढळते. ती अमेरिकेतली आहे: पहिल्यात पायडल मारले तरच मोटर चालते, दुसऱ्यात थ्रॉटलही (पायडल न मारता मोटर चालवणारी मूठ) असतो आणि दोन्हींची मर्यादा ताशी सुमारे ३२ किलोमीटर असते, तर तिसऱ्यात पायडलसह सुमारे ४५ पर्यंत मदत मिळते, तिथे मोटर ७५० वॅटपर्यंत चालते. आपल्याकडे रेषा २५ किलोमीटर आणि २५० वॅटवर असल्याने यातला पहिला वर्गसुद्धा जसाच्या तसा आपल्या सवलतीत बसत नाही. साध्या सायकलीला ७५० वॅटचे किट बसवून घेणारे हौशी लोक ही गोष्ट सहज विसरतात, आणि त्या सायकलीचे ब्रेक तेवढ्या वेगासाठी बनलेलेच नसतात.

सरासरी फेरी मोजणे, अवघड फेरी विसरणे

वर्ग ठरतो तो दिवसातल्या सर्वांत कठीण प्रवासावर. गाडी ७० किलो, चालक ७० आणि मागे बसणारा ६० असे २०० किलो वजन धरा. शंभर मीटरला तीन मीटर चढणाऱ्या उड्डाणपुलावर हे वजन वर नेताना, २५० वॅटच्या मोटरमधून चाकापर्यंत २०० वॅट पोहोचतात असे मानले, तर वेग ताशी जेमतेम आठ किलोमीटर निघतो. कंट्रोलर थोडा वेळ जास्त प्रवाह सोडतो म्हणून गाडी प्रत्यक्षात याहून बरी चढते, पण तेवढा वेळ मोटर तापत असते. सदरच्या उड्डाणपुलावर मागून बस हॉर्न देत असताना हा हिशेब फार लवकर समजतो. सेमिनरी हिल्सकडचा चढ रोजचा असेल किंवा डबलसीट नेहमीचे असेल, तर बिनापासिंगचा वर्ग सोडून द्यावा.

अंतराचेही तसेच आहे. मानेवाड्याहून बुटीबोरीच्या कारखान्यात जाणाऱ्याला जाऊन-येऊन पन्नासच्या वर किलोमीटर पडतात, तेही वर्धा रोडवरच्या ट्रकांमधून. तिथे ताशी २५ ची गाडी अपुरी आहेच, शिवाय धोक्याचीही आहे. उलट इतवारीतला दुकानदार, ज्याची दिवसाची धाव महाल-गांधीबागेच्या गल्ल्यांतच संपते, त्याने ताशी ९० पळणाऱ्या गाडीला दुप्पट पैसे का द्यावेत, हे मला कळलेले नाही.

बॅटरीचे नाव वाचणे, प्रकार न विचारणे

बिनापासिंगच्या गाड्यांत ‘ग्राफीन बॅटरी’ हा शब्द सध्या जोरात आहे. बहुतेक वेळा ती लेड-अॅसिड बॅटरीच असते, जिच्या प्लेटमध्ये कार्बनचे मिश्रण घातलेले असते, लिथियम नव्हे. ४८ व्होल्ट, २४ अँपिअर-तास म्हणजे कागदावर ११५२ वॅट-तास. किलोमीटरला २५ वॅट-तास खर्च धरला तर ४६ किलोमीटर निघतात, पण लेड-अॅसिड जोराने वापरली की पूर्ण क्षमता देत नाही आणि तळापर्यंत रिकामी करणे तिला मानवत नाही, म्हणून हिशेबात तीस-बत्तीसच धरावेत.

नोंदणीच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना एआयएस-१५६ हे सुरक्षिततेचे मानक लागू आहे, ज्याच्या कडक अटी २०२२ मधील आगीच्या घटनांनंतर १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आल्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बॅटरीची सुरक्षितता हा माझ्या मते किमतीच्या आधी विचारण्याचा प्रश्न आहे. उन्हातून आल्याबरोबर चार्जर लावू नये. गाडी सावलीत तास-दीड तास निवू द्यावी आणि शक्यतो रात्री उशिरा किंवा पहाटे चार्ज करावी. ज्या एक्स्टेंशन बोर्डवर कूलर चालतो, त्याच बोर्डवर चार्जर लावण्याची आपली उन्हाळी सवय तर तातडीने सोडावी, कारण सैल पिनेजवळ प्लास्टिक वितळायला दोन्हींचा मिळून भार पुरतो.

चढावर गाडी बंद पडते, सपाटीवर पुन्हा चालते

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि दोष बहुधा मोटरचा नसतो. बिनापासिंगच्या गाडीत १२ व्होल्टच्या चार किंवा पाच बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यांतली एक कमजोर झाली की भाराखाली एकूण व्होल्टेज कोसळते आणि कंट्रोलर पुरवठा तोडतो. पूर्ण चार्जनंतर मेकॅनिकला प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज थ्रॉटल दिलेल्या, म्हणजे भाराखालच्या अवस्थेत मल्टिमीटरने मोजायला सांगावे. बाकीच्या १२ च्या आसपास टिकून एकच १०.५ च्या खाली उतरत असेल, तर ती गेली. बॅटऱ्या जुन्या असतील तर फक्त तीच बदलू नये. नव्या-जुन्यांच्या जोडीत जुन्या लवकर मरतात. सगळ्या बॅटऱ्या ठणठणीत असूनही गाडी चढावर दमत असेल, तर तो बिघाड नाही, वर्ग चुकला आहे आणि कोणतीही दुरुस्ती तो बदलू शकत नाही.

ई-सायकलीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. मेट्रो स्टेशनपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरांसाठी ती उत्तम आहे, फक्त बॅटरी काढून वर नेता येते का, आणि बॅटरी संपल्यावर वीस-बावीस किलोंची ती सायकल पायाने ओढवते का, हे दुकानासमोरच चालवून पाहावे.

चाचणी फेरीसाठी विक्रेता पूर्ण चार्ज गाडी रिकाम्या सपाट गल्लीत देतो. आपण निम्म्या चार्जची गाडी मागावी, मागे घरचे कोणी बसवावे आणि जवळचा उड्डाणपूल एकदा चढून उतरावा. आमच्या पुतणीची गाडी आम्ही अशी चालवून पाहिली ती खरेदीनंतर आठ दिवसांनी. तो पांढरा कनेक्टर भावाने पुन्हा जोडून वर टेप गुंडाळली, आता ती गाडी माझे वडील सकाळी भाजी आणायला नेतात, आणि पुतणी अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना काढायला आरटीओत जाऊन आली.